दुसऱ्या पानावरचा हात

भाचीनं पडद्याच्या कडेला असलेला बारीकसा बाण दाबला आणि माझ्या वर्गाला दुसरं पान निघालं. झालं ते एवढंच. मंगळवार होता, सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती, मी मागच्या खोलीत जुन्या इस्त्रीच्या टेबलाशी बसून दोन चलांची समीकरणं सोडवत होते. डोक्यावर स्टँडला उलटा टांगलेला फोन माझ्या पांढऱ्या पाटीकडे बघत होता, आणि बाजूच्या लॅपटॉपवर मुलांचे काळे चौकोन होते, पाच ओळी, ओळीत पाच. मी डावखुरी. डाव्या हातानं लिहिते आणि उजव्या हातातल्या फडक्यानं पुसते, दोन्ही कामं जवळजवळ एकदमच; शाळेत पोरं माझ्या पाठीमागे याची हुबेहूब नक्कल करायची. भाची सहज आली होती, नव्या सत्राची नोंदणी कशी करायची ते दाखवायला. वर्ग संपेपर्यंत गप्प बसते म्हणाली आणि गप्प बसणं तिच्या रक्तातच नाही, तर तिनं बोट लावलं. "मावशी, हे कोण?" मी पाहिलं तर आणखी पंधरा चौकोन. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात पिवळा, छोटासा, वर केलेला हात. मी आवाज बंद करून विचारलं, "हे पान कधीपासून आहे?" ती म्हणाली, "असतंच की. चाळीस जण पंचवीस चौकोनांत मावतील कसे?" आणि चहा टाकायला निघून गेली. पंचवीसात चाळीस बसत नाहीत. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला हे सात महिने सुचलं नव्हतं. मी त्या हातवाल्याला बोलायची परवानगी दिली. बारीक आवाज आला, "मॅडम, पाणी प्यायला जाऊ का?" मी विचारलं, हात कधी वर केलास. "सव्वासहाला." वीस मिनिटं ते पोर तहानलेलं बसून राहिलं होतं, स्वतःच्याच घरात, माझ्या परवानगीसाठी. जा बाबा, म्हटलं. हसू आलं मला.

उरलेली पंचवीस मिनिटं मी काय शिकवलं कोण जाणे. तोंड चालू होतं, ते सवयीनं चालतं. डोळे मात्र त्या पंधरा चौकोनांवर. त्यातली नावं मला ओळखीची होती, पण गावाला गेलेल्या शेजाऱ्यांची असावीत तशी. आहेत, भाडं भरतात, दिसत नाहीत. पडद्यावरचा आकडा रोज चाळीस दाखवायचा आणि मी तो आकडा बघून खूश व्हायचे. मनात आलं, दुसऱ्या पानावर जाणारे कोण? भाचीनंच चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं, जे आधी येतात ते पहिल्या पानावर, उशिरा येणारे मागे. एवढं बोलून ती बिस्किटं शोधू लागली. उशिरा कोण येतं, हे तिनं सांगायची गरज नव्हती. ज्यांच्या घरात एकच फोन, आणि तो आई किंवा बाप कामावरून परत आणतो, ते उशिरा येतात. सहाला कामाची पाळी सुटते, बस मिळते, फोन घरी पोचायला सव्वासहा होतात. म्हणजे ज्यांच्यासाठी म्हणून मी हा वर्ग काढला, नेमके तेच. बाकीच्यांकडे स्वतःचा फोन, स्वतःची खोली, बहुतेकांना दुसरी शिकवणीही. ते पाच मिनिटं आधी येऊन पहिल्या पानावर मांडी ठोकून बसायचे आणि मी त्यांच्याशी गप्पा मारायची.

वर्ग काढला तेव्हा मी काय काय बोलले होते, ते आता एकेक करून आठवायला लागलं आणि कानशिलं तापली. निवृत्त झाल्यावर दोन महिने मी कपाटं आवरली, तिसऱ्या महिन्यात कपाटं संपली. मोठमोठ्या शिकवण्यांचे फलक बघून चीड यायची. चांगलं शिकवणं हे काय सोन्याच्या दुकानात ठेवायची वस्तू आहे का, असं मी ज्याला त्याला ऐकवायची. मग भाचीनंच फुकटातलं एक अ‍ॅप शोधून दिलं, महिन्याची फी आम्ही अशी ठेवली की कुठल्याही घराला जड जाऊ नये, आणि जाहिरातीवर मी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, इथे शेवटचा बाक नाही. फार आवडली होती ती ओळ मला. एका वार्ताहर मुलीनं येऊन माझा फोटो काढला, तेव्हा मी तिला समजावून सांगितलं की शाळेत माझा जीव कायम शेवटच्या बाकात अडकलेला असायचा. पडद्यावर सगळे पहिल्या बाकावर, सगळे माझ्यासमोर. ती भराभर लिहून घेत होती. मी सावकाश बोलत होते, तिला लिहिता यावं म्हणून. वर्गाचे नियमही माझेच. पहिल्या आठवड्यात कोणाच्या घरी भांडण, कोणाच्या घरी टीव्ही, कोणाचं तान्हं रडतंय, म्हणून मी सगळ्यांचे आवाज बंद करून टाकले. मग पोरं खाली लिहायच्या जागेत एकमेकांना माकडांची चित्रं पाठवायला लागली, म्हणून लिहिणंही बंद. शंका असेल तर हात वर करा, मी बोलायला सांगेन. एवढा एकच रस्ता उघडा ठेवला होता. दर दहा मिनिटांनी मी विचारायची, "कळलं? कोणाला शंका?" आणि पहिल्या पानावर नजर टाकून पुढे जायची. आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द कुठला, तर कळलं.

मुलं गेल्यावर भाची म्हणाली, "एवढी काय उतरलीस गं. या अ‍ॅपमध्ये सगळ्या हातांची नोंद असते. बघायचीय?" नको म्हणायला हवं होतं. तिनं यादी उघडली. कोणी दोनदा, कोणी चारदा. आणि एकाच नावापुढे त्रेसष्ट वेळा. नाव होतं, आईचा फोन. माझ्या वर्गात तीन मुलांच्या चौकोनावर हेच लिहिलेलं असायचं, कारण फोन आईचा आणि नाव बदलायचं कोणाला सुचतंय. पण ही त्यातली कुठली, ते मला लगेच कळलं, कारण तिची नोंद तीन आठवड्यांपूर्वी संपत होती. तीन आठवड्यांपूर्वी मीच तिला काढलं होतं. त्रेसष्ट वेळा हात वर, आणि खाली होण्याची वेळ दर वेळी सात. तिनं तो कधी खाली घेतलाच नव्हता. वर्ग बंद झाला की आपोआप पडायचा. "बापरे, काय चिकाटीची पोरगी आहे," भाची म्हणाली. "कोण गं ही?" मी म्हटलं, होती एक. मग भाची नोंदणीबद्दल बोलत राहिली आणि मी हूं हूं करत राहिले. ती निघाली तेव्हा दारात वळून बघताना अगदी तिच्या आईसारखी दिसली, मान तशीच एका बाजूला, आणि मी पटकन दिवा लावायच्या निमित्तानं आत वळले.

मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. सहामाही अहवाल पाठवायचे होते, बाहेर थांबलेल्यांची रांग वाढत चालली होती, आणि मला रांगेतल्यांची दया आली. म्हणजे असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला मठ्ठ पोरांचा कंटाळा आला होता. तिच्या आईला मी लिहिलं: आपली मुलगी वर्गात फक्त नावाला हजर असते. सहा महिन्यांत तिने एकदाही प्रश्न विचारलेला नाही. विषय तिच्या डोक्यात शिरत नाही असे दिसते. तिने जागा अडवून ठेवण्यापेक्षा ती एखाद्या गरजू मुलाला देणे योग्य होईल. खाली सही, सहीखाली पदव्या. आईचं उत्तर दोन शब्दांचं आलं, बरं मॅडम. मला ते उत्तर आवडलं होतं, त्रास न देणारं. एखाद्या गरजू मुलाला, हे मी त्या बाईला लिहिलं, जिच्या फोनची वाट बघत पोरगी सव्वासहापर्यंत दारात उभी राहत असणार.

डोक्यात शिरत नाही. हे वाक्य माझं जुनंच आहे, मी ते चौदाव्या वर्षापासून वापरते. बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाबांनी सांगितलं होतं, रोज संध्याकाळी तासभर तिचं गणित घे. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला चिकटवलेलं, माझ्या उजव्या अंगाला भिंत, म्हणून ती डावीकडे बसायची. तिच्या वेणीला खोबरेलाचा वास यायचा. मी सटासट गणित सोडवायची, कळलं विचारायची, ती हो म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीत भोपळा. मला तिचा राग यायचा, कारण तिच्या भोपळ्यानं माझी मास्तरकी खोटी पडायची. एकदा ती काहीतरी विचारायला लागली तर मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस, आधी पुढचं होऊ दे. हे मला आठवतंय की मी आत्ता रचतेय, सांगता येत नाही. पण बाबांना जे सांगितलं ते लख्ख आठवतं. ते बूट घालत होते. मी म्हटलं, बाबा, तिच्या डोक्यात शिरत नाही, उगाच छळू नका तिला. केवढी समजूतदार वाटले होते मी मलाच. ती दाराआड होती, तिची सावली जमिनीवर होती, ती सावली मी बोलायच्या आधी पाहिली होती. आधी पाहिली होती, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शालान्त परीक्षेत ती गणितात गेली, बाबांनी पुन्हा बसवलं नाही, ती पडद्यांच्या दुकानात शिवायला जाऊ लागली. आता तिचं स्वतःचं दुकान आहे, हाताखाली तिघी आहेत, खुशाल आहे. घरात कोणी हिशेबाचा विषय काढला की म्हणते, "ताईला विचारा, माझं डोकं गळकं." सगळे हसतात. चाळीस वर्षं हसतायत. मीही.

बुधवारी दुपारी मी फोन लावला. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे, जेवणाची सुटी साडेबाराला, हे नोंदणीच्या कागदावरच होतं. मागे मोठ्या यंत्रांची घरघर होती, ती ओरडून बोलत होती, मलाही ओरडावं लागलं, आणि ओरडून कबुली देता येत नाही, अशी एक पळवाट मला तिथल्या तिथे सापडली. मी म्हटलं, "एक जागा रिकामी झाली आहे. तुमच्या मुलीला परत घ्यावं म्हणते." ती म्हणाली, "मॅडम, एवढं कोण करतं हो आजकाल. तुम्ही स्वतः फोन केलात." मी म्हटलं, अहो, त्यात काय. ती म्हणाली, "पण आता कशाला तुम्हाला त्रास. शाळेतून फॉर्म आलाय, मोठं गणित घेणार की सोपं गणित. शुक्रवारपर्यंत द्यायचाय. तिचंच मन नाही. ती म्हणते, मॅडम बरोबर बोलल्या, माझ्या डोक्यात शिरत नाही. तुमचं पत्र तिनंच वाचून दाखवलं ना मला. मला कुठलं एवढं वाचता येतंय." मी काहीतरी म्हणाले असेन. ती पुढे सांगत होती की आधी पोरीच्या मनात रक्त तपासतात त्या कामाला जायचं होतं. आईचा डबा द्यायला आली की प्रयोगशाळेच्या काचेला नाक लावून उभी राहायची, तिथली माणसं तिला ओळखायची. त्याला मोठं गणित लागतं. सोपं घेतलं की तो रस्ता बंद. "आता शाळा सुटली की इथंच येते, चादरींच्या घड्या घालायला. हाताला चांगली आहे," आई म्हणाली. आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आता. मी म्हटलं, "घाई करू नका, विचार करा." ती म्हणाली, "विचार काय करायचा मॅडम, तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं सांगितल्यावर. तुमचे उपकार आहेत, नाहीतर पोरगी उगाच आपटली असती." भोंगा वाजला, तिची सुटी संपली. फोन ठेवल्यावर मी हात धुतले. स्वयंपाकघरात जाऊन साबणानं, कोपरापर्यंत. स्वतःच्या नाटकीपणाची लाज वाटली, तरी धुतले.

संध्याकाळी बहिणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "लहानपणी मी तुला शिकवायचे, तेव्हा तू मला कधी काही विचारत का नव्हतीस?" ती हसली. "हे काय आज? बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, सांग ना. ती म्हणाली, "विचारलं होतं की एकदोनदा. तू म्हणायचीस, आधी पुढचं होऊ दे. मग पुढचं व्हायचं, आणि तोवर माझं मागचं कुठं गेलं ते मलाच सापडायचं नाही." काय विचारलं होतंस, मी म्हटलं. "अगं, चाळीस वर्षं झाली. पोरीनं सांगितलं तुझ्याकडे काहीतरी झालं म्हणून. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." मग तिच्याकडे एक गिऱ्हाईक आलं असावं, ती दुसऱ्या कोणाला तरी मापं सांगू लागली, खिडकीची रुंदी, झालर, दुप्पट कापड अधिक शिलाईचं वाढीव. सगळं तोंडी, भराभरा, पूर्णांकाला अपूर्णांक जोडून. मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले. एकही चूक नव्हती. मनातल्या मनात मी पडताळून पाहत होते, हेही तिथल्या तिथे लक्षात आलं, आणि मी फोन बंद केला.

त्या दिवशीच्या वर्गात मी दर पाच मिनिटांनी बाण दाबत होते. दुसऱ्या पानावरच्यांना नावानं हाका मारल्या. हाक ऐकून एक पोरगी इतकी दचकली की तिच्या हातातून फोन पडला, पडताना बोट लागून कॅमेरा चालू झाला आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या घराचं छत पाहिलं, पापुद्रे सुटलेलं. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं, बघा बाई कशी सुधारली. सातला वर्ग संपला, सव्वासात झाले, ती आई घरी असणार, फोन तिच्यापाशी असणार, आणि मी मटार सोलत बसले. निवांत, एकेक शेंग. शुक्रवारपर्यंत वेळ आहे, असा हिशेब. भित्र्या माणसाचा हिशेब नेहमी बरोबर येतो. गुरुवारी सकाळीही मी फोन केला नाही. म्हटलं, कामाच्या ठिकाणी कशाला. दुपारी म्हटलं, यंत्रांची घरघर. अशी मी गुरुवारची संध्याकाळ आणली. वर्गाला सुटी दिली, सव्वासहा वाजू दिले, आणि फोन लावला. "मॅडम," आईचा आवाज आनंदी होता, "आत्ताच दारात पाऊल टाकलं." मी खुर्चीवर बसले होते ती उभी राहिले. मी म्हटलं, "तुमच्या मुलीनं प्रश्न विचारला नाही असं मी लिहिलं, ते खोटं आहे. तिनं त्रेसष्ट वेळा हात वर केला होता. मी पाहिलाच नाही. माझ्या पडद्याला दुसरं पान होतं आणि मी ते कधी उघडलं नाही. तिच्या डोक्यात शिरतं की नाही, हे मला ठाऊकच नाही. मी तिला एक दिवस शिकवलेलं नाही. चूक सगळी माझी आहे." एका दमात म्हटलं, पाठ केल्यासारखं; केलंच होतं. पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "फॉर्म सकाळीच दिला मॅडम. सोप्यावर खूण करून. कामावर जाताना दिला." मग तिनं विचारलं, "काल तुम्ही फोन केलात तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

मला वाटतं माझ्या आयुष्यात मला विचारलेला हा एकमेव प्रश्न, ज्याचं उत्तर द्यायला काही सोडवावं लागत नव्हतं. "हो," मी म्हटलं, "माहीत होतं." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ज्या आवाजात माणूस दुकानदाराशी बोलतो त्या आवाजात म्हणाली, "मग आता काय करायचं ते सांगा." मी सांगितलं. शुक्रवारी फॉर्म बंद होतो, म्हणजे उद्या बदलता येईल. मी लेखी देते, शाळेत येते, पण सही तुमची लागेल. ती म्हणाली, "माझी अर्ध्या दिवसाची रजा जाईल." मी म्हटलं, हो. "बरं मॅडम," ती म्हणाली. तेच दोन शब्द.

शाळेचं कार्यालय सगळीकडे असतं तसंच होतं, हिरव्या कपाटांवर जुन्या ढाली, टेबलावर शाईचं पॅड, कारकून बाईंच्या खुर्चीला उशी. मी अशा खोल्यांत चौतीस वर्षं हुकूम सोडत वावरले. आज दारात उभी राहिले तर कारकून बाई म्हणाल्या, बाहेर बसा. बाहेर लाकडी बाकावर आई बसली होती, धुलाई विभागाचा निळा अंगरखा तसाच अंगात, अर्ध्या दिवसानं परत जायचं म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि थोडी सरकली, मला जागा देण्याइतकी. उपकार हा शब्द आज नव्हता. मी माझं पत्र मुख्याध्यापिकांना आत नेऊन दिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "बाई, हे असं लेखी द्यायची खरंच गरज आहे का? तोंडी सांगितलंत तरी चालेल. तुमचं नाव आहे एवढं." मी म्हटलं, आधीचं लेखी होतं. त्यांनी आईला आत बोलावून फॉर्म काढून दिला. आईनं जुनी खूण खोडली, नवी केली, शेजारी सही केली, एकेक अक्षर जोडत, जिभेचं टोक दातांत धरून, आणि पेन माझ्याकडे न देता कारकून बाईंना दिलं. एवढ्यासाठी दोन मिनिटं लागली. मी तीन दिवस घेतले होते. बाहेर येऊन आई म्हणाली, "मोठं गणित घेतलंय खरं. पण तिला येईल का ते कोण सांगणार?" हा प्रश्न मला नव्हता, बहुतेक कोणालाच नव्हता.

मधली सुटी झाली आणि पोरगी आली. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. उंच, कानामागे खोचलेले केस, चादरींच्या घड्या घालून घालून बोटांची कातडी कोरडी पडलेली. सहा महिने ती माझ्यासाठी काळा चौकोन होती आणि त्यावर दोन शब्द. मी उभी राहिले. चौदा वर्षांच्या मुलीसमोर शिक्षिका उभी राहते तेव्हा मुलगी गोंधळते. ती आईकडे बघायला लागली. मी म्हटलं, "तुझा हात मी पाहिला नाही. माझं चुकलं. तुझ्याबद्दल लिहिलेलं सगळं चुकीचं होतं." ती म्हणाली, "आईनं सांगितलं रात्री." क्षमा वगैरे शब्द ना तिच्याकडे होता ना मला मागायची हिंमत. "शंका काय होती तुझी?" मी विचारलं. ती म्हणाली, "तशी काही नाही." मी म्हटलं, त्रेसष्ट वेळा काही नाही? तर ओशाळं हसली, खांदे उडवले. मला वाटलं, संपलं, ती सांगणार नाही, आणि का सांगावं. मग मी माझं नेहमीचं केलं, दुसरं मला येतंच कुठे. पिशवीतून छोटी पाटी काढली, बाकावर बसले, तिला म्हटलं बस, एक गणित बघू. उजव्या अंगाला आई होती, म्हणून ती डावीकडे बसली. मी समीकरण लिहायला लागले, सवयीनं भराभर, पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तोंड उघडलं, कळलं म्हणायला.

ती मान वाकडी करून पाटीकडे बघत होती. आधी एका बाजूनं, मग माझ्या कोपराखालून. मग तिनं दोन बोटांनी माझं मनगट धरलं, गरम भांडं सरकवावं तसं जपून, आणि बाजूला केलं. "हेच सांगायचं होतं मॅडम," ती म्हणाली. "तुमचा हात आड येतो. लिहिलेलं दिसत नाही, आणि दिसायच्या आत तुम्ही पुसता." मी पाटीकडे पाहिलं. माझा हात, सगळी ओळ झाकून बसलेला. सात महिने, चाळीस मुलं, पहिलं पान नि दुसरं पान, सगळ्यांनी हाच हात पाहिला होता; बाकीच्यांकडे बघायला दुसरं काही होतं म्हणून त्यांचं भागलं. आणि त्याआधी, भिंतीला चिकटवलेल्या टेबलापाशी, खोबरेलाचा वास, माझ्या डावीकडे. ती पण अशीच मान वाकडी करायची. मला वाटायचं, लक्ष नाही.

"मी हात वर धरते," मी म्हटलं. "तू वाच."

ती वाचू लागली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, दुसरीपाशी थांबली आणि म्हणाली, "इथं चिन्ह चुकलंय तुमचं." चुकलं होतं. आईनं पलीकडून वाकून पाहिलं. मी फडकं खाली ठेवलं आणि मार्कर तिच्या हातात दिला.